तोळामासा

डायनिंग टेबलावर तीन माहितीपत्रकं.
एकीवर समुद्रकिनारी हसणारं जोडपं,
केस पांढरे, दात त्याहून पांढरे.
गुडघा कुणाचाच दुखत नाहीये.

ह्यांनी जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली,
फूटपट्टीने रकाने आखले.
हप्ता. खोलीभाडं. मोतीबिंदू, एका डोळ्याला किती.
आधीचे आजार, त्यांच्यासाठी थांबायचं किती.
चौतीस वर्षं वैधमापन खात्यात,
भायखळ्याच्या बाजारात वीस ग्रॅम कमी भरलं
तर दुकानदाराला घाम फोडणारा माणूस
आता पेन्सिल कानाला लावून विचारतो,
"सब-लिमिट म्हणजे नेमकं काय गं?"

म्हटलं, ताट वाढायचं मोठं
आणि आमटीची वाटी द्यायची बाहुलीची.

मी सायनला सिस्टर होते.
दोन खाटांच्या मधे सतरंजी,
सतरंजीवर पेशंट, पेशंटच्या उशाशी चपला.
खोलीभाडं हा शब्द तिथं कधी ऐकला नाही.
पहिली पॉलिसी म्हणते, रोज पाच हजारांपर्यंतची खोली.
त्यावरची घेतली तर बाकीचं बिलही त्याच हिशोबात कापणार,
म्हणजे खिडकी मोठी निवडली
म्हणून भूलही महाग.

दुसरी स्वस्त, पण शंभरातले वीस आपण भरायचे.
तिसरीत सगळं आहे.
तिचा हप्ता पाहून ह्यांनी दोनदा चष्मा पुसला.
माझ्या पेन्शनचे तीन महिने.

मधुमेहाला तीन वर्षं थांबायचं.
हे एकाहत्तर, मी अडुसष्ट.
"साखरेला सांगून ठेव," हे म्हणाले, "तोवर दमाने घे."
हसलो आम्ही.
मग कुकरची शिटी झाली, बरं झालं.

रविवारी घाटकोपरहून फुरिया आला.
वय तिशीचं, चहा बिनसाखरेचा मागतो.
"काका, वजन?"
"बरेच दिवस काट्यावर गेलो नाही."
"अडुसष्ट टाकतो. ब्याऐंशी-बिंयाऐंशी लिहिलं
तर लोडिंग लावतील. कोण बघतंय?"

ह्यांनी चपला घातल्या. खाली गेले.
"काकू, काय झालं?"
म्हटलं, तपासणी.

गॅलरीतून दिसत होतं.
रद्दीवाल्या लखमशीचा काटा.
आधी वाकून त्यावरचा शिक्का वाचला, साल पाहिलं,
मग चढले.
मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पुढे दोन पोरं खिदळतायत,
हात अंगालगत, श्वास रोखलेला.
श्वास रोखून वजन घटत नाही
हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक.

वर आले. "चौऱ्याऐंशी किलो दोनशे. लिही."
आणि माझ्याकडे न बघता,
"दोन हजार अकरा साली छातीत दुखलं होतं.
राजावाडीत दाखवलेलं. तेही लिही."

मृण्मयीच्या लग्नाचा महिना तो.
अक्षतांच्या पिशव्या मोजत होते हे,
मी म्हटलं होतं, किती घाम येतोय तुम्हाला, पंख्याखाली बसा.
पंख्याखाली बसा, म्हटलं होतं.
मी, सिस्टर.

फुरियाचं पेन थांबलं.
"हे लिहिलं तर कदाचित घेणारच नाहीत, काका."
"चालेल. माप तर पुरं भरलं."

दिवसभर मी बोलले नाही.
भाजीत मीठ विसरले, हे जेवले मुकाट.

फॉर्म टेबलावर आहे अजून,
पंख्याने उडू नये म्हणून त्यावर
खात्यातलं जुनं पितळी वजन, शंभर ग्रॅमचं.
तीन रकान्यांपैकी कुठल्यावरच खूण नाही.

रात्री हे झोपल्यावर मनगट हातात घेतलं.
वॉर्डात आम्ही पंधरा सेकंद मोजायचो
आणि चारने गुणायचो, पेशंट खूप असत.
आज भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
पूर्ण मिनिट मोजलं.
मग पुन्हा एक.